कार्ल लँडस्टाइनर: रक्तगट शोधणारा माणूस आणि आपल्या आतड्याची कुलपं

भातलावणी सुरू झाली की आमच्या मुळशीत एक गोष्ट दरवर्षी बघायला मिळते. एकाच घरातले पाच जण एकाच विहिरीचं पाणी पितात, एकाच टोपातला भात खातात. दोन दिवसांनी तिघांना उलट्या-जुलाब सुरू होतात, चौथ्याचं पोट नुसतं गुरगुरतं आणि पाचवा ठणठणीत असतो. मग त्या पाचव्याबद्दल गावभर बोललं जातं की याचं पोटच दगडाचं आहे.

मी मुळशीतल्या रक्तदान शिबिरांत नावं नोंदवायच्या टेबलावर बसतो. तिथे रांगेत उभे असलेले लोक गप्पा मारता मारता बरंच काही विचारतात. त्यात एक प्रश्न हमखास असतो. ओ गटवाल्यांना पोटाचा त्रास जास्त होतो असं मोबाईलवर आलंय, ते खरं आहे का? या प्रश्नाचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. नीट उत्तर द्यायचं तर एका माणसाचं आयुष्य सांगावं लागतं. हे कार्ल लँडस्टाइनर. आपल्या कार्डावर छापलेला रक्तगट त्यांच्यामुळे आहे. पोटातून शिरणाऱ्या एका भयंकर विषाणूचा माग काढण्यातही त्यांचाच हात होता. ही दोन कामं त्यांनी वेगवेगळी केली. ती एकमेकांना जाऊन मिळाली ती त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास साठ वर्षांनी, आणि मधला एक महत्त्वाचा दुवा सापडला तो आपल्या मुंबईत.

दवाखाना न थाटलेला डॉक्टर

लँडस्टाइनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ झाला. वडील लिओपोल्ड हे नावाजलेले पत्रकार. कार्ल सहा वर्षांचा असतानाच ते वारले. पुढे आई फॅनीने त्याला वाढवलं. या मायलेकांचा एकमेकांवर फार जीव. आई गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी घराच्या भिंतीवर लावला, तो ते स्वतः जाईपर्यंत तिथेच होता.

१८९१ मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टर झाले. त्याच वर्षी त्यांचा एक निबंधही छापून आला होता. आहार बदलला की रक्त जाळून उरणाऱ्या राखेत काय फरक पडतो, हा त्याचा विषय. म्हणजे रक्ताकडे बघायची त्यांची नजर पहिल्यापासून रसायनवाल्याची होती. डॉक्टरकीची पदवी हातात असताना त्यांनी दवाखाना काही काढला नाही. ते रसायनशास्त्र शिकायला बाहेर पडले आणि वुर्झबर्ग, म्युनिक, झुरिक अशा ठिकाणी जवळपास पाच वर्षं राहिले.

वुर्झबर्गला त्यांचे गुरू होते एमिल फिशर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. फिशर म्हणजे साखरेचे पंडित. इथे साखर म्हणजे चहात टाकतो तेवढीच नाही. ग्लुकोज, गॅलॅक्टोज असे साखरेचे कितीतरी रेणू असतात, आणि त्यांची रचना उलगडून दाखवणारे फिशरच. १८९४ मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली. शरीरातले काही रेणू एकमेकांत कुलूप-किल्लीसारखे बसतात. आकार जुळला तर काम होतं, नाहीतर नाही. लँडस्टाइनर यांचं पुढचं सगळं आयुष्य अशाच जुळणीचा शोध घेण्यात गेलं.

विडाल टेस्टच्या मागचं तत्त्व

१८९६ मध्ये ते व्हिएन्नाला परत आले आणि आरोग्यशास्त्राच्या संस्थेत मॅक्स फॉन ग्रुबर यांचे मदतनीस झाले. त्याच वर्षी ग्रुबर यांनी एक गोष्ट दाखवून दिली होती. ज्या रक्ताने एखाद्या जिवाणूशी आधी सामना केलाय, त्याचा पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, त्याच जिवाणूंमध्ये मिसळला की जिवाणूंच्या गुठळ्या होतात. दुसऱ्या जातीच्या जिवाणूंच्या तशा होत नाहीत.

टायफॉईडचा संशय आला की आपल्याकडे विडाल टेस्ट करायला सांगतात ना, ती याच तत्त्वावर उभी आहे. रक्तात ओळखणारे रेणू असतात. त्यांना आपण प्रतिपिंडं म्हणतो. समोरच्या जिवाणूच्या अंगावर ओळखीची खूण दिसली की ती त्याला चिकटतात. त्या खुणेला म्हणायचं प्रतिजन, म्हणजेच अँटिजन. प्रतिपिंड ओळखणारं, प्रतिजन ओळखला जाणारा. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

सहा जणांचं रक्त आणि एक तक्ता

१८९८ मध्ये लँडस्टाइनर विद्यापीठाच्या शवविच्छेदन विभागात गेले. पुढची दहा वर्षं त्यांनी तिथे काढली आणि या काळात साडेतीन हजारांहून जास्त शवविच्छेदनं केली. दिवसभर प्रेतं आणि उरलेल्या वेळात संशोधन, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी रक्त चढवणं म्हणजे जुगार होता. कुणी वाचायचं, तर कुणाला थंडी वाजून, लघवी काळी होऊन मरण यायचं. कारण कुणालाच माहीत नव्हतं. दोन माणसांचं रक्त मिसळलं की कधीकधी गुठळ्या होतात हे काहींनी पाहिलं होतं, पण तो आजाराचा परिणाम असावा अशी समजूत होती. लँडस्टाइनर यांनी साधा प्रश्न विचारला. आजारी माणूस बाजूला ठेवू. धडधाकट माणसांचं रक्त एकमेकांत मिसळलं तर काय होतं?

त्यांनी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं आणि स्वतःचं रक्त घेतलं. प्रत्येकाचं सीरम आणि लाल पेशी वेगळ्या केल्या. मग प्रत्येकाचं सीरम प्रत्येकाच्या पेशींत मिसळलं आणि निकालाचा तक्ता मांडला. आडवी सहा नावं, उभी सहा नावं, गुठळी झाली तिथे अधिकची खूण आणि नाही तिथे वजाची. यंत्र नाही, खर्च नाही.

त्या तक्त्यात एक नक्षी दिसली. स्वतःच्या सीरमने स्वतःच्या पेशींची गुठळी कधीच होत नव्हती. दुसऱ्यांच्या बाबतीत मात्र माणसांचे ठरावीक गट पडत होते. १९०१ मध्ये त्यांनी हे छापलं आणि गटांना ए, बी आणि सी अशी नावं दिली. सी गटाला पुढे ओ म्हणायला लागले. लँडस्टाइनर स्वतः याच गटाचे होते. त्यांच्या पेशी कुणाच्याही सीरममध्ये गुठळी धरत नव्हत्या. पुढच्याच वर्षी डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांना चौथा गट सापडला, तो एबी.

याचा अर्थ असा. ए गटाच्या लाल पेशीवर ए नावाचा प्रतिजन असतो आणि सीरममध्ये बी-विरोधी प्रतिपिंडं असतात. बी गटात याच्या उलट. एबी गटात दोन्ही प्रतिजन असतात, त्यामुळे विरोधी प्रतिपिंडं नसतात. ओ गटात ए नाही, बी नाही, आणि विरोध मात्र दोघांनाही. रक्त चढवण्यासाठी याचा उपयोग होईल हे लँडस्टाइनर यांनी त्याच निबंधात सुचवून ठेवलं होतं. तरी दवाखान्यांनी ते मनावर घ्यायला वेळ लावला. १९०७ मध्ये न्यूयॉर्कला रूबेन ऑटनबर्ग यांनी गट जुळवून रक्त दिलं आणि मग हळूहळू ती पद्धत पडत गेली.

आपला संबंध यात लवकरच आला. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सॅलोनिका इथे अनेक देशांचं सैन्य जमलं होतं. त्यात हिंदुस्थानी शिपाईही होते. हान्ना आणि लुडविक हिर्शफेल्ड या डॉक्टर नवरा-बायकोने तिथे सैनिकांचे रक्तगट तपासले. १९१९ मध्ये छापलेल्या त्यांच्या आकड्यांत दिसलं की बी गट युरोपीयांपेक्षा हिंदुस्थानी शिपायांत कितीतरी जास्त आहे. माणसांचे गट सगळीकडे सारखे वाटले गेलेले नाहीत. ते का, याचा थोडा अंदाज पुढे येईल.

पोलिओचा माग

१९०८ मध्ये लँडस्टाइनर यांना व्हिएन्नातल्या विल्हेल्मिना हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदनाचे प्रमुख म्हणून जागा मिळाली. त्याच वर्षी नऊ वर्षांच्या एका मुलाचा पोलिओने मृत्यू झाला. लँडस्टाइनर आणि एर्विन पॉपर यांनी त्याच्या मज्जारज्जूचा अंश तपासला. त्यात जिवाणू सापडत नव्हते. ससे, गिनीपिग, उंदीर यांना तो टोचून काही झालं नाही. माकडांना टोचल्यावर मात्र त्यांच्या मज्जारज्जूत पोलिओसारखीच इजा दिसली.

जिवाणू नाही, तरी आजार पसरतोय. म्हणजे त्याहून बारीक काहीतरी असणार. व्हिएन्नात माकडं मिळणं मुश्किल होतं, म्हणून पॅरिसच्या पाश्चर संस्थेची मदत घेऊन हे काम पुढे गेलं. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही हा घटक पार होतो हे १९०९ मध्ये दिसून आलं. अमेरिकेत फ्लेक्सनर आणि लुईस यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं. पोलिओ हा विषाणूचा आजार आहे, याचा पाया असा घातला गेला.

हा विषाणू मुख्यतः तोंडावाटे, घाण पाण्या-अन्नातून आतड्यात शिरतो हे सर्वमान्य व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. पोलिओच्या विषाणूचं पेशीत शिरायचं दार म्हणजे एक वेगळं प्रथिन आहे. रक्तगटाशी त्याचं देणं-घेणं नाही. पण पोटातून शिरणाऱ्या विषाणूंमध्ये रक्तगटाचा वापर दारासारखा करणारेही काही आहेत, हे लँडस्टाइनर यांच्या स्वप्नातही नसावं.

हेगमधली तंगी आणि न्यूयॉर्क

१९१६ मध्ये त्यांनी हेलेन व्लास्टो यांच्याशी लग्न केलं आणि १९१७ मध्ये मुलगा झाला. युद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रिया मोडून पडला होता. व्हिएन्नात खायला नाही, जळण नाही, प्रयोगशाळेला पैसा तर नाहीच. १९१९ मध्ये हे कुटुंब हॉलंडमध्ये हेगला गेलं. तिथल्या एका लहान कॅथलिक हॉस्पिटलात त्यांना नोकरी मिळाली. पन्नाशी ओलांडलेला हा जगन्मान्य माणूस तिथे रोज लघवी-रक्ताच्या साध्या तपासण्या करायचा.

१९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळे शेतकरी आमच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले होते. त्या दिवसांत लँडस्टाइनर हेगच्या छोट्याशा खोलीत बसून एक अवघड प्रश्न सोडवत होते. प्रतिपिंडं नेमकं काय ओळखतात? रेणूचा आकार किती थोडा बदलला तरी त्यांना फरक कळतो? त्यांनी प्रथिनांना लहान लहान रासायनिक शेपट्या जोडल्या आणि दाखवलं की एखादा बारीकसा तुकडा इकडचा तिकडे केला तरी ओळख चुकते. फिशर यांचं कुलूप-किल्लीचं चित्र आता रक्तात दिसायला लागलं होतं.

१९२३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. १९२७ मध्ये फिलिप लेव्हिन यांच्याबरोबर त्यांनी एम, एन आणि पी हे आणखी प्रतिजन शोधले. १९३० मध्ये रक्तगटांच्या शोधासाठी नोबेल मिळालं, म्हणजे तो सहा जणांचा तक्ता छापल्यावर तब्बल २९ वर्षांनी. १९३९ मध्ये ते निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा सोडली नाही. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत त्यांनी आरएच घटक जाहीर केला. कार्डावर आपण जे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहितो, ते इथून आलं.

शेवटच्या काही वर्षांत ते आणखी एका गोष्टीच्या मागे होते. रक्तगटाचा प्रतिजन फक्त रक्तात नसतो. तो लाळेत सापडतो, डुकराच्या जठरातही सापडतो. तिथून तो मोठ्या प्रमाणात काढून त्याचं रसायन तपासता येतं. या कामात त्यांना साखरेच्या साखळ्या दिसायला लागल्या होत्या. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत हातात पिपेट असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी ते गेले. वय ७५.

मुंबईतलं कोडं

लाळेपर्यंत ते पोचले होते. आतडं तिथून फार लांब नव्हतं.

१९३२ मध्ये शिफ आणि सासाकी यांनी एक गोष्ट पक्की केली होती. काही लोकांच्या लाळेत रक्तगटाची द्रव्यं असतात, काहींच्या नसतात, आणि हे वंशाने येतं. ज्यांच्या लाळेत असतात त्यांना सिक्रेटर म्हणायचं. जगात अनेक ठिकाणी दर पाचांत साधारण चार जण सिक्रेटर असतात आणि एक नसतो.

पुढे लंडनमध्ये मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी ए, बी, ओ या सगळ्यांच्या मुळाशी असलेलं एक द्रव्य ओळखलं आणि १९४८ मध्ये त्याला एच असं नाव दिलं. हे समजायला एक उदाहरण घेऊ. पेशीच्या अंगावर साखरेच्या मण्यांची एक माळ लोंबतेय असं समजा. माळेच्या टोकाला फ्यूकोज नावाचा मणी लावला की तयार झाला एच. आता एचच्या टोकावर आणखी एक मणी चढला तर ए किंवा बी होतो. ए आणि बी यांत फरक एवढाच, की शेवटचा मणी वेगळ्या साखरेचा. काहीच चढला नाही आणि नुसता एच राहिला, की तो ओ गट. म्हणजे ओ हे काही शून्य नाही. ओ म्हणजे उघडा एच.

मग एखाद्याकडे एचच नसेल तर?

हा प्रश्न पुस्तकातून आला नाही, परळच्या केईएम हॉस्पिटलातून आला. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना तीन माणसं अशी सापडली की ज्यांच्या पेशी ओ गटासारख्या दिसत होत्या, पण त्यांचं सीरम ओ गटाच्या पेशींचीही गुठळी करत होतं. लंडनच्या तज्ज्ञांबरोबर तपासल्यावर कळलं की त्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि एचही नाही. १९५२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभर या गटाला बॉम्बे ब्लड ग्रुप असं नाव पडलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो असं मानतात. युरोपात तो याहून कितीतरी दुर्मिळ आहे.

या गटाच्या माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तर जीव जाऊ शकतो. फक्त लाल पेशींवर ए आणि बी आहेत का एवढंच पाहिलं तर तो ओ असाच दिसतो. म्हणून लँडस्टाइनर यांच्या तक्त्याची दुसरी बाजूही तपासावी लागते, म्हणजे त्याचं सीरम ओळखीच्या पेशींशी लावून बघावं लागतं. त्यात ओ गटाच्या पेशीही घ्याव्या लागतात.

पुढे जनुकांपर्यंत पोचल्यावर या कोड्याची फोड झाली. एच तयार करणारी जनुकं दोन आहेत. एफयूटी-१ हे लाल पेशींवरचा एच घडवतं. एफयूटी-२ लाळेतला आणि आतड्याच्या अस्तरावरचा. सिक्रेटर असणं-नसणं हे या दुसऱ्या जनुकावर ठरतं. बॉम्बे गटाच्या माणसांत दोन्ही बंद असतात. म्हणजे रक्तात एच नाही आणि आतड्यातही नाही.

कुलूप सापडलं

आता अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावात जाऊ. १९६८ मध्ये तिथल्या एका प्राथमिक शाळेत उलट्या-जुलाबांची मोठी साथ आली. १९७२ मध्ये अल्बर्ट कपिकियन यांना त्या साथीच्या नमुन्यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली विषाणू दिसला. गावाच्या नावावरून तो नॉरवॉक विषाणू झाला, आणि अशा विषाणूंच्या सगळ्या घराण्याला आता नोरोव्हायरस म्हणतात.

तेव्हा काही स्वयंसेवकांना हा विषाणू मुद्दाम पाजून बघितला होता. १९७७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात १२ जण होते. सहा आजारी पडले, सहा पडले नाहीत. दोन-तीन वर्षांनी पुन्हा पाजला, तर पहिले सहाच पुन्हा आजारी. बाकीचे सहा तसेच ठणठणीत. आधी होऊन गेलेल्या आजाराची प्रतिकारशक्ती म्हणावी तर हिशेब उलटाच लागत होता. जे आजारी पडले होते त्यांना ती मिळायला हवी होती. त्या उरलेल्या सहांमध्ये जन्मजात काहीतरी वेगळं असणार असा संशय बळावला.

उत्तर २००० नंतर आलं. ससे मारणारा, नोरोव्हायरसचा एक लांबचा भाऊबंद, एच प्रतिजनाला चिकटतो हे फ्रान्समध्ये दिसलं. मग नॉरवॉक विषाणूचं कवच सिक्रेटर माणसांच्याच आतड्याच्या पेशींना चिकटतं हेही २००२ मध्ये दिसलं. २००३ मध्ये ७७ स्वयंसेवकांवरचा अभ्यास छापून आला. ज्यांचं एफयूटी-२ बंद होतं, त्यांच्यातल्या एकालाही लागण झाली नाही, डोस कितीही असो.

म्हणजे विषाणूची किल्ली ज्या कुलपात बसते ते कुलूप आहे एच, तोच रक्तगटाच्या मुळाशी असलेला प्रतिजन. ज्याच्या आतड्यावर हे कुलूपच नाही, त्याच्याकडे किल्ली घेऊन गेलेला विषाणू तसाच पुढे वाहून जातो. रक्तगटाचाही परिणाम दिसला. ओ गटात एच उघडा असल्याने नॉरवॉकची लागण जास्त, बी गटात टोकावर वेगळा मणी चढल्याने कमी. बॉम्बे गटाच्या माणसाकडे तर आतड्यातही एच नाही, म्हणजे या हिशेबाने नॉरवॉकसाठी त्याचं दार बंदच.

इथे लँडस्टाइनर यांचे दोन रस्ते एकत्र आले. एक रक्तगटाचा, दुसरा पोटातून शिरणाऱ्या विषाणूंचा. आणि दोन्हींच्या मध्ये निघाली फिशर गुरुजींची साखर.

मग ओ गटवाल्यांनी घाबरायचं का?

रांगेतल्या लोकांना मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, कार्डावरून आतड्याचं काही कळत नाही. ओ गटाचा माणूस सिक्रेटर नसेल तर त्याच्या आतड्यावर एच नाही. बी गटाचा सिक्रेटर असेल तर आहे. कार्ड लाल पेशींबद्दल बोलतं आणि नोरोव्हायरस आतड्यात शिरतो. सिक्रेटर आहे की नाही हे नेहमीच्या रक्तगट तपासणीत बघत नाहीत.

दुसरी, विषाणू एकच नाही. नोरोव्हायरसच्या कितीतरी जाती आहेत आणि प्रत्येकीची किल्ली थोडी वेगळी. काही जाती सिक्रेटर नसलेल्यांनाही आजारी पाडतात. लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस १९७३ मध्ये मेलबर्नमध्ये रूथ बिशप यांच्या गटाला सापडला. त्याच्याही काही जाती याच साखरेच्या मण्यांना चिकटतात, आणि त्यांच्यातही आवडीनिवडी आहेत. म्हणून कुठलाच रक्तगट सगळ्यांपासून वाचवत नाही. एक दार बंद असलेल्याचं दुसरं उघडं असतं. माणसांत इतके वेगवेगळे गट टिकून राहिले, त्याचं एक कारण हेच असावं असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. एकाच विषाणूने सगळं गाव आडवं करू नये, अशी ती सोय.

लसीच्या बाबतीतही हे उपयोगी पडतं. रोटाव्हायरसची लस तोंडाने देतात आणि तिच्यातला दुबळा विषाणू आतड्यात रुजावा लागतो. काही लसींचा परिणाम सिक्रेटर नसलेल्या बाळांत कमी दिसल्याचं काही अभ्यासांत आढळलंय. असं असलं तरी बाळाला लस चुकवू नका. रोटाव्हायरसच्या ज्या लसी आज वापरात आहेत त्यांतली रोटासिल आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे. भारतात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात फुकट मिळायला लागली.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पावसाळ्यातल्या सगळ्या जुलाबांमागे विषाणू नसतो. जिवाणू असतात, आमांश असतो, नुसतं शिळं अन्नही असतं. रक्तगट कुठलाही असो, उपाय तेच. विहिरीत टीसीएल पडतंय का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. साथ असेल तर पाणी उकळून प्या. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, त्यामुळे जेवायच्या आधी आणि संडासहून आल्यावर साबणाने हात धुवा. जो आजारी आहे त्याने स्वयंपाकाला हात लावू नये, बरं वाटल्यानंतरही दोन दिवस तरी. जुलाब सुरू झाले की लगेच ओआरएस सुरू करा. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. बाळ मलूल झालं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका.

पुण्याची विषाणूंवर काम करणारी संस्था १९५२ मध्येच सुरू झाली, बॉम्बे गट छापून आला त्याच वर्षी. तेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर होतं आणि तिच्या उभारणीत रॉकफेलर फाउंडेशनचा वाटा होता. लँडस्टाइनर ज्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचे ती संस्था वेगळी, पण दोन्हींच्या मागे घराणं एकच. आज ती एनआयव्ही म्हणून ओळखली जाते, आणि पोटाच्या विषाणूंवरही तिथे काम चालतं.

१४ जूनला, म्हणजे लँडस्टाइनर यांच्या वाढदिवशी, २००४ पासून जागतिक रक्तदाता दिन पाळतात. मुळशीत तेव्हा पाऊस टेकलेला असतो आणि लोक पेरणीच्या गडबडीत असतात, तरी शक्य असेल तर त्या आठवड्यात रक्त द्या. तुमचा गट बॉम्बे आहे असं कधी कळलं, तर एखाद्या मोठ्या रक्तपेढीत नोंद करून ठेवा आणि सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. हे वंशाने येतं, त्यामुळे ते तुमच्यात असेल तर त्यांच्यात सापडायची शक्यता बाकी कुणाहीपेक्षा जास्त. अशा माणसाला रक्त लागलं की सगळ्या राज्यात शोधाशोध होते, आणि तेव्हा नोंदवून ठेवलेलं एक नाव पुरतं.